सुटा शब्द नको, अख्खं वाक्य द्या: सरावसंच करून देणाऱ्या बाईंना आभारपत्र

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

सर्वनामं आणि शब्दांच्या जाती शिकवण्यासाठी तुम्ही करून दिलेल्या सरावसंचाबद्दल आम्हा मराठी शिकवणाऱ्यांकडून मनःपूर्वक आभार. तो इतरांनीही हाती घ्यावा, म्हणून त्यातलं काय उपयोगी पडतं ते इथे उघडपणे लिहीत आहोत.

संचात सुटा शब्द देऊन ‘जात ओळखा’ असं विचारणारा एकही प्रश्न नाही, याचं आम्हाला सर्वाधिक अप्रूप. नुसता ‘तो’ दिला की मुलं सर्वनाम लिहून मोकळी होतात. तुम्ही ‘तो आला’ आणि ‘तो मुलगा आला’ ही वाक्यं शेजारी ठेवलीत. दुसऱ्यात ‘तो’ मुलाकडे बोट दाखवतो, म्हणून सार्वनामिक विशेषण, म्हणजे नामाबद्दल सांगणारं सर्वनाम. पण एवढं कळलं की मुलं पुढे कुठलंही नाम दिसताच विशेषण ठोकतात. त्यावरचा उतारा तुमच्या तिसऱ्याच वाक्यात आहे: ‘तो पुस्तक वाचतो’. पुस्तक ते असतं, तो नाही. लिंग जुळत नाही, म्हणजे इथला ‘तो’ पुस्तकाचा नव्हे, वाचणाऱ्याचा. ‘तो निबंध वाचतो’ यात लिंगही जुळतं आणि दोन्ही अर्थ निघतात. ते वाक्य मुद्दाम शेवटी ठेवलंत, हे फार बरं केलंत.

मूळ 9 सर्वनामांचा तक्ता पाठ होतोच: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. लिंगानुसार तीन बदलतात, वचनानुसार पाच. खरी अडचण ‘ते’पाशी येते. ‘ते तुटलं’ एकवचनी नपुंसकलिंगी, ‘ते धावले’ अनेकवचनी पुल्लिंगी, आणि एकट्या आजोबांबद्दल बोलताना तेच आदरार्थी. क्रियापदाकडे पाहिलं की पहिलं वेगळं काढता येतं. उरलेल्या दोहोंसाठी मागचं वाक्य वाचावंच लागतं.

‘आपण’चा कागद तर जपून ठेवावा असा. त्या जागी ‘स्वतः’ चालतं का पाहायचं: ‘तो आपण होऊन आला’मध्ये चालतं, म्हणून आत्मवाचक. ‘तुम्ही’ चालत असेल तर आदरार्थी: ‘आपण बसावे’. दोन्ही चालत नाहीत आणि ऐकणाराही सामील आहे, तर ‘आपण खेळू या’मधलं पुरुषवाचक. (‘आम्ही’त ऐकणारा नसतो. हा फरक मुलं बोलताना कधी चुकत नाहीत, फक्त कागदावर गोंधळतात.)

कर्ता शोधताना ‘ने’ हुडकायची सवयही तुम्ही वेळीच मोडलीत. ‘त्याने पत्र लिहिले’त प्रत्यय दिसतो, ‘मी पत्र लिहिले’तही तृतीयाच (‘ने’ची विभक्ती) आहे, पण ‘मी’ला प्रत्यय लागत नाही. अव्ययांसाठी दिलेली खूणही सोपी: ‘तो मागे बसला’त ‘मागे’ क्रियाविशेषण, ‘तो दारामागे बसला’त नामाला जोडून आलेलं शब्दयोगी. ‘दार’चं ‘दारा’ झालेलं दाखवलं की पुढचं समजावावं लागत नाही.

उताऱ्याचा खेळ वर्गात सगळ्यात रंगतो. एकच नाव पुन्हा पुन्हा आलेली आठ वाक्यं द्यायची आणि सर्वनामं घालून घ्यायची. पहिल्या फेरीत मुलं प्रत्येक नाव पुसतात. दुसऱ्या उताऱ्यात मात्र राजू आणि विजय दोघे असतात: ‘राजूने विजयला सांगितले की त्याची वही हरवली.’ वही कोणाची? मग कुठलं नाव परत आणायचं, यावर वाद घालतात. ‘नामाऐवजी येतो तो शब्द’ ही व्याख्या आम्ही आता या खेळानंतरच सांगतो. ‘कोण’ आणि ‘काय’ यांना ती नीट बसत नाहीच. प्रश्न विचारताना नाम ठाऊकच नसतं.

एक विनंती: पुढच्या संचात ‘पण’ आणि ‘म्हणून’ यांवर एक कागद हवा. ‘मीपण येतो’ आणि ‘मी आलो, पण तो गेला’ यांतले ‘पण’ मुलं एकाच रकान्यात टाकतात.

आपले,
मराठी शिकवणारे आम्ही सगळे