घर जागेवर आहे

तवसाळ,
आषाढ वद्य दशमी

प्रिय बंड्या,

होडी विकून तीन महिने झाले. पहिला आठवडा मी मोरीतही पाय फाकवून उभा राहायचो. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की घर डुलायला लागायचं. ते थांबलं. पण सवयी हटत नाहीत. १५० लिटरच्या टाकीत पंधरा-पंधरा दिवस काढलेला मी, अजून तांब्याभर पाण्यात ताटवाटी विसळतो. आई ओरडते, "मेल्या, विहीर तुडुंब भरलीय!"

परवा रात्री दोनच्या सुमारास वारा फिरला. उठलो, बॅटरी घेतली आणि अंगणात. आठवतं ना, नांगर सरकला का बघायला आपण किनाऱ्यावरचे दोन दिवे एका ओळीत धरायचो? तसा मी गोठ्याचा दिवा आणि पलीकडचं जयगडचं दीपगृह ओळीत धरून, पावसात भिजत उभा. आई दारात आली. "काय हरवलं रे?"

म्हटलं, "घर जागेवर आहे."

"तुझ्या आजोबांनी बांधलं तेव्हापासून आहे," म्हणाली आणि आत गेली.

नांगर विकला नाही. शेजारचे काका त्याला रेडकू बांधतात. साखळी पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट सोडावी, हे त्यांना सांगायचा मोह होतो, पण रेडकाला साडेतीन हात पुरते. शिडाच्या दोरीवर आईची लुगडी वाळतात. माझी गाठ तिला सुटत नाही, म्हणून रोज शिव्या खातो.

पंचांग दोघं बघतो, ती उपासासाठी, मी भरतीसाठी. तिथीची पाऊणपट, तेवढे वाजता भरती. आज दशमी, म्हणजे साडेसात. आता खाडीत कामच नाही, तरी साडेसातला जाऊन बघून आलो. पाणी पायरीपर्यंत आलं होतं. बरं वाटलं, का ते विचारू नको.

मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपेल. होड्या अजून झापांनी शाकारलेल्या आहेत, पण जाळी विणणं जोरात चाललंय. एका होडीचा तांडेल म्हणाला, "येतोस का, १ ऑगस्टला?" मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आईला अजून कळवलेलं नाही, तूही फोनवर बोलू नकोस.

श्रावण लागायच्या आत ये. अवसेला भरती सव्वाअकराला. जयगडहून फेरीबोट घे, मी धक्क्यावर असेन. येताना तो जुना सुया-दाभणांचा डबा आण, शीड शिवायचा. शीड नाही, पण छत्री फाटलीय.

तुझा,
नाना