पावसावर ठपका ठेवू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात मुंबई-गोवा महामार्गाचा भराव वाहून शेतीचे नुकसान झाल्याची बातमी आपण ठळकपणे छापलीत, त्याबद्दल आभार. मात्र सारा ठपका अतिवृष्टीवर ठेवून आपण ज्यांची जबाबदारी होती त्यांना मोकळे सोडले आहे. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जूनमध्ये सुरू होतो, हे रस्ता आखणाऱ्यांना आधीपासून ठाऊक असते.

आमची भाताची खाचरे महामार्गाच्या खालच्या अंगाला आहेत. मे महिन्यात वरचा डोंगर उभा कापला गेला आणि निघालेली माती थेट पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर ओतली गेली. ती पावसाआधी हलवा, अशी विनंती आम्ही गावकऱ्यांनी ठेकेदाराच्या माणसांना वारंवार केली. जुलैत लावणी उरकते न उरकते तोच एका रात्रीच्या पावसात तो ढीग आणि भरावाची उघडी कड खाली आली. सकाळी पाहिले तर रोपांचे नुसते शेंडे वर दिसत होते. पऱ्याच्या पाण्याबरोबर पूर्वीपासून येणारा मऊ गाळ शेताला मानवतो. हा मात्र मुरूम आणि खडीची कच मिसळलेला लाल चिखल होता आणि दोन दिवस ऊन पडताच तो इतका आवळला की त्यावरून पाय न रुतता चालता येत होते. पुन्हा लावायला तरवा, म्हणजे भाताची रोपे, शिल्लक नव्हता, त्यामुळे ते वर्ष गेले.

पंचनाम्याला आलेल्या कर्मचाऱ्याने चिखलात काठी खुपसून टेपने माप घेतले, कारण आपत्तीच्या निकषानुसार गाळाचा थर तीन इंचांहून जाड असेल तरच तो उपसण्यासाठी मदत मिळते. वरच्या बांधाशी थर चार इंच भरला, खालच्या कोपऱ्यात अडीच, म्हणून निम्मे खाचर यादीतून गळले. मुळात माणसाने ओतलेल्या मातीचा पंचनामा नैसर्गिक आपत्ती म्हणून का व्हावा? तशी नोंद झाली की भरपाई सरकारी तिजोरीतून जाते आणि ज्याने माती ओतली त्याला कोणी विचारत नाही.

नियम नाहीत असेही नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या रस्ते व पूल कामांच्या विनिर्देशांत ३०६ क्रमांकाचे कलम याच विषयावर आहे. मातीची धूप आणि गाळ रोखण्याच्या कामांचे वेळापत्रक ठेकेदाराने काम सुरू होण्यापूर्वी अभियंत्याकडून मंजूर करून घ्यायचे आणि एका वेळी किती जमीन उघडी पाडायची यावर अभियंत्याने मर्यादा घालायची, असे त्यात आहे. मात्र या तात्पुरत्या कामांना वेगळे पैसे मिळत नाहीत, ती मातीकामातच धरली जातात. माझ्या मते खरी मेख इथे आहे, कारण ज्याचे वेगळे बिल निघत नाही ते काम मे महिन्याच्या घाईत सर्वांत आधी बाजूला पडते. वास्तविक त्यात अवघड काही नाही. ढीग पऱ्यापासून लांब टाकावा, भरावाच्या पायथ्याशी चर आणि गाळ बसण्यासाठी खड्डा खणावा, उतारावर काथ्याची जाळी अंथरून गवत धरू द्यावे. वाळ्याची मुळे तर दोन-तीन मीटर खोल जाऊन माती धरून ठेवतात आणि वाळा कोकणाला नवा नाही.

भरावाखालच्या मोरीचेही तेच झाले आहे. पूर्वी पऱ्या मोकळा वाहत असे. आता सगळे पाणी ज्या नळ्यांतून काढले आहे त्या चिखलाने अर्ध्याअधिक बुजल्या आहेत, तरी पावसाळ्यानंतर त्या साफ करायला कोणी फिरकले नाही.

२०२१ च्या महापुरानंतर चिपळूणकरांना वाशिष्ठी आणि शिव नद्यांतला गाळ काढावा म्हणून आंदोलन करावे लागले, तेव्हा कुठे उपसा सुरू झाला. याच महामार्गावरच्या परशुराम घाटात पुढच्याच पावसाळ्यात दरडींच्या भीतीने वाहतूक बंद ठेवावी लागली. एकीकडे नदीतला गाळ सरकारी खर्चाने उपसायचा आणि दुसरीकडे डोंगर उघडे ठेवून नवा गाळ खाली सोडायचा, हा पैशांचा आणि मातीचा दुहेरी नाश आहे.

आपल्या वार्ताहरांनी कलम ३०६ खालील मंजूर वेळापत्रक संबंधित अभियंत्यांकडे मागावे आणि ते मिळाले तर छापावे, मिळाले नाही तर तेही छापावे, ही विनंती.

आपला,
एक भातशेतकरी,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी