दिवाळीची साफसफाई काढण्याआधी : दिवंगत सभासदांच्या निगेटिव्हसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या हौशी छायाचित्रण मंडळाचे जे सभासद आता हयात नाहीत, त्यांच्या कामाचा एक कायमचा संग्रह करायचा आणि त्यातून निवडक चित्रांचं प्रदर्शन भरवायचं, असं कार्यकारिणीने ठरवलं आहे. त्यासाठी आपली मदत हवी आहे. पैशांची हवी आहेच, पण त्याआधी डब्यांची.

आजवर कुणी गेलं की आपण शोकसभा घ्यायचो, हार घातलेल्या फोटोसमोर दोन मिनिटं उभे राहायचो आणि पुढच्या रविवारी आउटिंगला निघायचो. त्यात गैर काही नाही. पण त्या माणसाने आयुष्यभर काढलेले रोल घरात कपाटाच्या माथ्यावर तसेच राहतात. मग चाळ पुनर्विकासाला जाते, बिऱ्हाड भाड्याच्या जागेत हलतं आणि ‘या काळ्या पट्ट्यांचं आता काय करायचं’ म्हणून डबा रद्दीवाल्याकडे जातो. घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना कुणी विचारायलाच गेलं नाही.

असा एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा नुकताच एका सभासदांच्या सूनबाईंनी आणून दिला. आत बटर पेपरच्या पाकिटांत सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या आणि प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने बारीक अक्षर. एकावर लिहिलं होतं : ‘लालबाग, पहिली पाळी सुटताना. ओर्वो. ५.६ वर २५०.’ (ओर्वो ही फिल्म, पुढचे आकडे अ‍ॅपर्चर आणि शटरचे.) पट्टी उजेडासमोर धरली तर गेटातून बाहेर पडणारी माणसंच माणसं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर ती गर्दी तशी पुन्हा झाली नाही. आमच्यातल्या जुन्या मंडळींनीही हे चित्र कधी पाहिलं नव्हतं. काकांनी आयुष्यभर स्पर्धेला पाठवले ते सूर्यास्त!

म्हणून विनंती : ‘चांगले’ फोटो निवडून देऊ नका, सगळं द्या. चुकलेल्या फ्रेम, कॉन्टॅक्ट शीट (अख्ख्या रोलच्या छोट्या प्रिंटचा कागद), ट्रान्सपरन्सी (स्लाइड), अग्फा क्लिक कॅमेऱ्यावरच्या चौकोनी निगेटिव्ह, वहीत टिपलेली एक्स्पोजरची गणितं, सगळं चालेल. पाकिटं आणि चिठ्ठ्या तर मुळीच टाकू नका. डबलडेकरच्या चित्राखाली रूट नंबर आणि साल असेल, तर त्याची किंमत दहापट होते. जुन्या डबलडेकरपैकी शेवटची १५ सप्टेंबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. आता ती कुणाला नव्याने टिपता येणार नाही.

कॅमेरा मात्र घरीच राहू द्या. घरची मंडळी आधी कॅमेराच पुढे करतात, कारण ती महागाची वस्तू. पण फंगस धरलेल्या लेन्सलाही बोरा बाजारात कुणीतरी काहीतरी भाव देईल. निगेटिव्हला कुणी देणार नाही.

डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर आम्हाला लगेच कळवा. जुन्या फिल्मचा पाया अ‍ॅसिटेटचा असतो. मुंबईच्या दमट उकाड्यात तो विघटित होऊन अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं, आणि त्या आम्लाने विघटन आणखी जोर धरतं. पेटीतला एक नासका आंबा बाकीच्यांना लावतो, तसा हा रोल शेजारच्यांना लावतो. तो वेगळा काढा. ओल्या फडक्याने काही पुसू नका, अल्बमला चिकटलेले प्रिंट ओढून काढू नका, आणि पीव्हीसी प्लास्टिकच्या पिशवीत तर काहीच ठेवू नका.

अलीकडे गेलेल्या सभासदांचं काम निगेटिव्हवर नाही, हार्ड डिस्कवर आणि गुगलच्या खात्यात आहे. डिस्क टकटक आवाज करत असेल तर पुन्हा पुन्हा लावून पाहू नका. मेमरी कार्ड ‘कोरं करून वापरू’ म्हणून फॉरमॅट करू नका. गुगलचं वैयक्तिक खातं दोन वर्षं वापरलं गेलं नाही तर ते फोटोंसकट काढून टाकलं जाऊ शकतं. तेव्हा पासवर्ड ठाऊक असेल तर आजच उघडून फोटो उतरवून घ्या.

हक्कांबद्दल काही घरांत शंका दिसली. मालकी तुमचीच राहील. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या निधनानंतरही ६० वर्षं टिकतो आणि तो वारसांकडे जातो. मंडळ फक्त स्कॅन करून घेईल, मूळ निगेटिव्ह नव्या पाकिटांत घालून परत देईल, आणि लेखी परवानगीशिवाय एकही चित्र लावणार नाही.

आता पैशांचं. एक ३५ मिमी फ्रेम ३२०० डीपीआयला, १६ बिट रंगात स्कॅन केली की सुमारे ८० एमबीची फाइल होते. ३६ फ्रेमचा रोल म्हणजे जवळपास ३ जीबी. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवायच्या. त्यामुळे खर्च आहे तो फिल्म स्कॅनर, हार्ड डिस्क, आम्लविरहित पाकिटं, सिलिका जेल आणि पुढे प्रिंट-फ्रेमचा. रक्कम कितीही चालेल. पावती मिळेल, पण मंडळाला ८०जी नाही, त्यामुळे करसवलत नाही; हे आधीच सांगितलेलं बरं. पैशांऐवजी संध्याकाळ देता आली तर तीही हवी आहे. ब्लोअरने धूळ उडवून पट्टी होल्डरमध्ये बसवणं कुणालाही तासाभरात शिकवता येतं.

आणि ज्यांची नजर अधू झाली पण आठवण शाबूत आहे, अशा आजी-आजोबांना जरूर घेऊन या. हा पूल कुठला, ही कुठल्या वाडीची मिरवणूक, हे सांगणारं माणूस आम्हाला स्कॅनरइतकंच लागणार आहे.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्याच काळात पेशा डॉक्टरकीचा सांभाळून फोटो काढत होते. त्यांचं काम आज बघायला मिळतं, कारण कुणीतरी ते जपलं. आपल्या काका-मावशींचं काम जपायला आपल्याशिवाय कोण आहे?

सर्वपित्री अमावस्येनंतरच्या प्रत्येक रविवारी, दिवाळीपर्यंत, सकाळी आठ ते दहा आम्ही शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर नेहमीच्या जागी बसू. डबा तिथे आणून द्या. येणं जमत नसेल तर कुठल्याही सभासदाकडे निरोप ठेवा, आम्ही घरी येऊन नेऊ. डबा घेतानाच आत काय काय आहे याची यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या होतील.

आपले,
कार्यकारिणी सदस्य