बाबा, पोरं फुकट राबत नाहीयेत

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की फी इंग्रजी शिकवायची घेतेस आणि पोरांना लोकांची कामं करायला पाठवतेस, हे त्यांच्या घरच्यांना चालतं कसं. तेव्हा क्लासची वेळ झाली होती म्हणून मी नंतर सांगते म्हणून फोन ठेवला. पण तुमचा प्रश्न बरोबर आहे, जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस हेच विचारणार. म्हणून आज निवांत लिहायला बसलेय. आई, तू पण वाच, कारण शेवटी तुमच्या दोघांकडे एक काम आहे.

माझ्याकडे येणारी मुलं कुठली ते तुम्हाला माहितीच आहे, आपल्या गोव्याच्या पेडणे तालुक्यातली, पार्से, तुये, कोरगाव, धारगळ, एक-दोन तर महाराष्ट्रातल्या सातार्ड्याहून पूल ओलांडून येतात. बहुतेक सगळी मराठी नाहीतर कोकणी शाळेतली, बारावी झालेली, काही बीए झालेली, आणि दोघी लग्न होऊन पोरंबाळं सांभाळून संध्याकाळी येणाऱ्या. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला तेव्हापासून पेडण्यात घरोघर एकच विषय, तिथे नोकरी लागेल का, नाही लागली तर मांद्रे-मोरजीला हॉटेलात तरी लागेल का. मुलं हुशार आहेत हो, टेन्सचा तक्ता विचारा, फळ्यावर येऊन न चुकता काढून दाखवतील, पण इंटरव्यूला समोरचा नुसतं 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हणाला की घशाला कोरड.

मी यावर खूप विचार केला. क्लासमध्ये मी विचारते 'व्हेअर इज द बस स्टँड', आता पेडण्याचा बस स्टँड कुठे आहे ते मलाही माहीत, मुलालाही माहीत, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत. मग तो उत्तर देतो ते मला सांगायला नाही, तर बरोबर की चूक हे माझ्या तोंडावर बघायला. त्याच्या वाक्याची खरी गरज कुणालाच नसते. मला तिथे कुणीतरी असा हवा होता ज्याला ते उत्तर खरोखर हवंय आणि जो ते मिळेपर्यंत थांबेल. वर्गात असा माणूस मी कुठून आणणार? म्हणून वर्गच बाहेर नेला.

पणजीला तो पर्पल फेस्ट होतो ना, दिव्यांग लोकांसाठीचा, २०२३ च्या जानेवारीत पहिला झाला तो, तिथे देशभरातून माणसं येतात आणि त्यांना मदत करायला व्हॉलंटियर लागतात. माझ्या क्लासमधली तुयेची एक मुलगी, फॉर्म भरतानाच म्हणत होती 'मॅडम, म्हाका जमचें ना', वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी, नाव विचारलं तरी मान खाली. तिच्याबरोबर चेन्नईहून आलेले एक गृहस्थ दिले, दृष्टी अजिबात नाही, त्यांना कोकणी-मराठी येत नाही, हिंदी जेमतेम, म्हणजे दोघांमध्ये काय ते इंग्रजीच. आणि तिला त्यांना चालवत न्यायचं होतं, रॅम्प कुठे, पायरी कुठे, कठडा कुठल्या बाजूला. बाबा, ते 'इन', 'ऑन', 'अॅट' मी तिला वर्गात कितीतरी वेळा समजावलंय, वहीत लिहून दिलंय, तरी चुकायचं. तिथे मात्र 'थ्री स्टेप्स डाऊन, रेलिंग ऑन युवर राइट' हे बरोबरच यायला हवं, नाहीतर माणूस पडेल. आणि आलं ना! मी लांबून बघत होते, मुद्दाम जवळ गेले नाही. दुपारनंतर ते गृहस्थ तिला विचारत होते की समोर काय चाललंय, आणि ही त्यांना स्टेजवर कोण आलं, कसले कपडे घातलेत, मांडवी कुठून दिसते, सगळं सांगत होती, मोडकंतोडकं, पण थांबत नव्हती. तिच्या आईला मी फोन करून हे सांगितलं तेव्हा ती माउली फोनवरच रडायला लागली.

तुम्ही म्हणाल एका पोरीचं झालं म्हणून सगळ्यांचं होईल का. तर हे माझ्याच डोक्यातून निघालेलं नाही. कॅनडात इंग्रजी घरातल्या मुलांना शाळेत विषय फ्रेंचमधून शिकवायची पद्धत आहे, तिथे असं दिसलं की वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून मुलांना समजतं जवळजवळ सगळं, पण बोलताना-लिहिताना चुका काही जात नाहीत. मेरिल स्वेन म्हणून तिथल्या बाई आहेत, माणूस दुसरी भाषा कशी शिकतो याचा अभ्यास करणाऱ्या, त्यांनी १९८५ मध्ये मांडलं की भाषा नुसती कानावर पडून पुरत नाही, समोरच्याला कळेल असं बोलायचीच वेळ आली पाहिजे, तेव्हा माणसाला कळतं की आपलं कुठे अडतंय. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या पेडण्याच्या पोरांचंच वर्णन वाटलं. माझी कॉलेजातली मैत्रीण टोरांटोला असते, ती सांगते की त्यांच्या ओन्टारिओत हायस्कूलचं सर्टिफिकेट मिळायला ४० तास समाजाचं काम करावंच लागतं, आणि मोठी माणसं, जी दुसऱ्या देशातून नुकतीच आलीत, ती पण फूड बँकेत, लायब्ररीत, वृद्धाश्रमात मदतीला जातात, काम होतं आणि इंग्रजी पण सुटतं. आपल्याकडे हे नवीन आहे असंही नाही, एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, १९६९ पासून आहे, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालं, मी स्वतः कॉलेजात दोन वर्षांचे ते २४० तास केलेत. फक्त त्या कामाला भाषेशी कुणी जोडलं नव्हतं.

मोरजीचं तर तुम्ही येऊन बघायलाच हवं. नोव्हेंबर ते मार्च तिथे कासवं येतात, ऑलिव्ह रिडले, एका घरट्यात शंभरेक अंडी, आणि पिल्लं बाहेर पडायला साधारण ५० दिवस. वन खात्याची माणसं घरट्याला कुंपण घालून राखण करतात, त्यांच्याबरोबर संध्याकाळी आमची मुलं थांबतात आणि येणाऱ्या टुरिस्टांना समजावतात. पिल्लं उजेडाकडे धावतात ना, रात्री समुद्राकडची बाजू उजळ असते म्हणून बिचारी पाण्याकडे जातात, कुणी मोबाईलचा टॉर्च मारला की उलटी जमिनीकडे. आता हे एखाद्या रशियन जोडप्याला सांगायचं कसं? आमचा पार्सेचा मुलगा, बाप मासळीचा धंदा करतो, त्याने सांगितलं, 'इफ यू यूज लाइट, बेबीज विल गो राँग वे.' हे 'इफ'चं वाक्य मी त्याला कित्येक महिने शिकवत होते! आणि आणखी एक गोष्ट मला तिथे दिसली. त्या रशियन माणसाचं इंग्रजी पण तसंच अडखळत होतं, तो पण शब्द शोधत होता, हाताने दाखवत होता, आणि आमच्या पोराच्या लक्षात आलं की अरे, याला पण येत नाही, तरी हा बोलतोच आहे. त्या दिवसापासून त्याची भीती जी गेली ती गेलीच. हे मी त्याला वर्गात सांगून पटलं नसतं, गोऱ्या माणसाला इंग्रजी येतंच असं आपल्या सगळ्यांच्याच मनात घट्ट बसलेलं असतं.

आता तुमच्या मुद्द्यावर येते, फुकट राबवण्याच्या. माझा नियम पक्का आहे, जे काम पगार देऊन माणूस ठेवून करायचं असतं तिथे माझी मुलं जाणार नाहीत. गेल्या डिसेंबरात एका हॉटेलातून फोन आला, थर्टी फर्स्टच्या पार्टीला 'व्हॉलंटियर' द्या, मुलांची इंग्रजीची प्रॅक्टिस होईल, जेवण देऊ. मी सरळ नाही म्हटलं. ती वेटरची मजुरी आहे, तिला सेवा म्हणायचं आणि पैसे वाचवायचे हे मला अजिबात पटत नाही. जबरदस्ती पण कुणावर नाही, ज्याला जमेल त्याने यावं, आणि एकटं कुणालाच पाठवत नाही, जोडीनेच. आणि आधी तयारी असते, कुठली वाक्यं लागतील, कळलं नाही तर परत कसं विचारायचं, रागावलेल्या माणसाला काय म्हणायचं. आल्यावर प्रत्येकाने वहीत लिहायचं की मी कुठे अडलो, मला काय सांगायचं होतं आणि ते का नाही आलं. पुढच्या दिवसाचा धडा मी त्या वह्यांतूनच काढते. तर फी त्याची आहे बाबा, शिकवणं कमी झालं नाही, उलट माझं काम दुप्पट झालंय आणि मला त्याचा आनंद आहे.

कुठलंही समाजकाम चालतं असं पण नाही हं. बीच साफ करायला जाणं खूप चांगलं, जावंच, पण तिथे सगळी खाली मान घालून बाटल्या वेचतात आणि आपापसात कोकणी बोलतात, इंग्रजीच्या दृष्टीने हाती काही लागत नाही. जिथे समोर माणूस आहे आणि त्याला काहीतरी हवंय तिथेच भाषा हलते. आणि याने व्याकरण आपोआप सुधारतं असंही मी कुणाला सांगत नाही, तुयेची ती मुलगी अजून 'शी गो' म्हणते, ते मला वर्गातच बसून काढावं लागणार आहे. पण आता ती बोलते, म्हणून मला तिची चूक तरी दिसते.

आणि बाबा, तुमच्या मनात जे आहे ते मला कळतं. २०११ मध्ये सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं तेव्हा तुम्ही त्याविरुद्धच्या आंदोलनाला जाऊन उन्हात बसला होता, तुमची शाळा पटाअभावी रिकामी होत गेली ती पण तुम्ही डोळ्यांनी बघितली, आणि आता तुमचीच मुलगी इंग्रजीचा क्लास चालवते. म्हणून हे तुम्हाला मुद्दाम सांगते. दर रविवारी सकाळी क्लासच्या बाहेर आम्ही एक टेबल मांडतो. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, जाऊन आलेली माणसं, आपल्या पेडण्यातली आणि बांदा-दोडामार्गकडची पण, डिस्चार्जचे कागद घेऊन येतात, कुणी बँकेचं पत्र आणतो, कुणी इन्शुरन्सचा फॉर्म. सगळं इंग्रजीत. मुलं ते वाचतात आणि त्यांना मराठीत सांगतात. औषध किती आणि कधी हे अंदाजाने सांगायचं नाही, शंका आली की हेल्थ सेंटरला किंवा फार्मसीत विचारूनच, हा नियम आहे. तिथे इंग्रजी जितकं लागतं तितकंच मराठी लागतं, सत्तर वर्षांच्या आजीला 'फॉलोअप' म्हणजे काय ते तिला कळेल असं सांगायला भाषा चांगलीच यावी लागते, आणि तिथे आमची मुलं अडतात. मराठी शाळेत शिकलेली मुलं, पण असं समजावून सांगायची सवय नाही.

तर काम हे की तुम्ही एखाद्या रविवारी या आणि त्या टेबलावर बसा. नेहमी लागणारे शब्द मी काढून ठेवलेत, ते तुम्ही तुमच्या अक्षरात मोठ्या कागदावर सोप्या मराठीत लिहून द्या, आणि मुलांना जरा ऐकवा की वयस्कर माणसाशी कसं बोलायचं. तुमच्याइतकं चांगलं ते मला जमणार नाही. आई, तू पण ये, बायका आपले कागद पोरांसमोर उघडायला लाजतात, विशेषतः दुखण्याचे, तू शेजारी बसलीस तर बोलतील.

शनिवारीच निघा म्हणजे दगदग नाही. म्हापशाला कदंबा बस बदलावी लागेल, मी स्टँडवर न्यायला येते. बाबांच्या बीपीच्या गोळ्या तेवढ्या आठवणीने घ्या, आणि कधी येताय ते बुधवारपर्यंत कळवा, मुलांना सांगून ठेवते.

तुमची,
बाय