सांडव्यावरची पोती: जिल्हाधिकारी साहेबांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी साहेब, कोल्हापूर,
स. न. वि. वि.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एका पर्यटन केंद्राने ओढा अडवून मातीचा बांध घातला आहे. उंची सात-आठ मीटर. पाण्यात पायडलच्या बोटी, काठाला तंबू. गावातल्या पोरांना तिथं काम मिळालं, त्याबद्दल आनंदच आहे. तक्रार सांडव्याची, म्हणजे बांधातलं जादा पाणी बाहेर जायच्या वाटेची आहे.

उन्हाळ्यात बोटींना पाणी पुरावं म्हणून सांडव्याच्या तोंडावर मातीची पोती रचतात. गेल्या पावसाळ्यात ती काढलीच नाहीत. जुलैत झड लागली आणि पाणी बांधाच्या माथ्यापासून हातभरच खाली राहिलं, तेव्हा आम्ही पाच जणांनी रात्री बॅटरीच्या उजेडात पोती ओढून काढली. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागलं की माथा चिरतो, मग भगदाड पडायला वेळ लागत नाही.

त्याहून मला भीती गळतीची वाटते. मातीचा बांध थोडाफार पाझरतोच; पाणी नितळ असेल तर एवढी काळजी नसते. पण पायथ्याला पाइपाशेजारून येणारं पाणी त्या आठवड्यात गढूळ होतं. म्हणजे बांधाच्या पोटातली माती वाहत होती. त्यात खेकड्यांची बिळं, आणि सावलीसाठी बांधावरच लावलेली झाडं. ती वाळली की कुजलेल्या मुळांतून पाण्याला वाट मिळते.

दोन कार्यालयांत अर्ज दिले. दोन्हीकडे उत्तर एकच: हे आमच्याकडे येत नाही. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही अटींत बसणाऱ्या धरणांना लागू होतो. आमचा बांध त्यात बसत नाही. राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडला की मिनिटांत सगळ्या जिल्ह्याला कळतं. आमच्या ओढ्याला पाणी वाढलं, हे जनावरं हंबरली की कळतं.

2019 साली चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण रात्री फुटलं. 2021 साली आपल्याच भुदरगड तालुक्यातला मेघोलीचा तलाव फुटला, तोही रात्रीच. ते सरकारी होते, त्यांची दप्तरी नोंद तरी होती.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आपण आहात. मृग लागण्याआधी अभियंता पाठवा. पोती काढायला लावा आणि पावसाळाभर सांडवा मोकळा ठेवण्याचा लेखी आदेश द्या. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड या डोंगरी तालुक्यांत असे खासगी बांध किती आहेत, त्यांच्या खाली कोण राहतं, याची यादी तलाठी आणि ग्रामसेवकांकडून करून घ्या. बांधाच्या मालकाचा फोन नंबर खालच्या प्रत्येक घरात असू द्या.

आमच्या ओढ्याकाठी अकरा घरं आणि एक अंगणवाडी आहे. अभियंता येतील तेव्हा मी सोबत येईन. गळतीची जागा वरून दिसत नाही, खाली उतरून गवत बाजूला करावं लागतं.

आपला,
ओढ्याकाठचा एक शेतकरी