कामगारमंत्री साहेब, सही घेतली म्हणजे ट्रेनिंग झालं का?

मा. कामगारमंत्री साहेब, नमस्कार.

मी वाळूज एमआयडीसीत प्रेस शॉपला आहे, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात तिथं. मोठ्या कंपनीत नाही हो, तिला पार्ट देणाऱ्या व्हेंडरकडं, ते पण ठेकेदाराच्या नावावर. मोठ्या कंपनीत गेटवरच बूट, गॉगल, व्हिडिओ सगळं असतं. आमच्याकडं गंगापूरचं नाहीतर परभणीचं नवं पोरगं आलं की रजिस्टर पुढं सरकवतात, इथं सही कर, झालं सेफ्टी ट्रेनिंग, आणि चहाच्या सुट्टीआधी पोरगं पॉवर प्रेसवर उभं.

प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय स्ट्रोक (मशीनचा घाव) पडत नाही, म्हणजे हात डायमधी (साच्यात) राहूच नये. पण टार्गेट लई, मग एका बटणात चिंधी कोंबून ते कायमचं दाबून ठेवतात, एका हातानं पार्ट टाकायचा अन् दुसऱ्यानं बटण. नव्या पोराला वाटतं मशीन अशीच असते! बोट गेलं की ठेकेदार ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड काढायला पळतो, आणि कागदावर येतं 'कामगाराचा निष्काळजीपणा'.

जालन्याच्या स्टीलच्या भट्ट्यांचं तर इचारूच नका. भंगारात तोंड बंद असलेला डबा, गाडीचा शॉकअप, पावसात भिजलेला माल असं काही भट्टीत गेलं तर आतल्या तेला-पाण्याची एकदम वाफ होते, पाण्याची तर हजार पटीच्या वर फुगते आणि वितळलेलं लोखंड माणसांवर उडतं. म्हणजे भंगार निवडणाऱ्याला हे सगळ्यात आधी शिकवलं पाहिजे, आणि त्यालाच कुणी शिकवत नाही, रोजंदारीवर तर असतो.

कायदा कमी आहे असं नाही. भोपाळची गॅसगळती झाल्यावर १९८७ ला फॅक्टरी कायद्यात कलम १११-अ घातलं, ट्रेनिंग मागायचा हक्क कामगाराला दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगारांच्या सुरक्षेचा नवा कायदा, म्हणजे नवा कोड आला, त्यातही ट्रेनिंग देणं मालकाचंच काम आहे. पण मागणार कोण? ठेक्यावरच्या माणसानं मागितलं की उद्यापासून येऊ नको.

म्हणून मागणी एवढीच की तुमच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या साहेबांनी ऑफिसात बसून रजिस्टर बघणं सोडावं. फोन न करता तिसऱ्या शिफ्टला यावं (दिवसा पाहुणे यायच्या आत चिंधी निघालेली असते) आणि सगळ्यात नव्या पोराला इचारावं, इमर्जन्सी स्टॉप कुठंय, फर्स्ट एडची पेटी कुठंय, डायमधी पार्ट अडकला तर आधी काय बंद करायचं. नाही सांगता आलं तर नोटीस मालकाला, पोराला नाही. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाला बिल्ले लावून शपथ घेता त्याला आमची ना नाही, ते चालू द्या.

आणि ट्रेनिंगचा दिवस पगारी करा. तालुक्यातालुक्यात आयटीआय आहेत, मशीनी आहेत, शिकवणारे सर आहेत, तिथं पाठवा. पण हजेरी कापून पाठवलं तर कुणीच जाणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आपला,
वाळूजचा एक ठेका कामगार