तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

जिन्यात भेटलो की आपलं बोलणं 'पाणी आलं का?' यावरच संपतं, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहिते.

एप्रिलमधली ती दुपार. मी लॅपटॉप घेऊन, रडवेली, तुमच्या दारात. अटलांटिकचं पाणी जितकं गरम, तितकी जास्त हरिकेन (तिकडची जोरदार चक्रीवादळं) अमेरिकेच्या किनाऱ्यावर धडकतात, एवढंच एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये दाखवायचं होतं, आणि आकडे काही केल्या ऐकत नव्हते. तुम्ही कोथिंबीर निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "खूप वादळांचं एखादं वर्ष काढ." 2010 काढलं. पाणी तापलेलं, 12 हरिकेन झाली, पण हरिकेनच्या जोराने अमेरिकेच्या किनाऱ्याला एकही लागलं नाही. "आता कमी वादळांचं." 1992. जेमतेम 4, पण त्यातलंच एक अँड्र्यू, दक्षिण फ्लोरिडाची दाणादाण उडवणारं.

"दोन प्रश्न एकाच समीकरणात कोंबलेस गं!" मग विजेच्या बिलामागे पेन्सिलीने दोन चौकटी काढल्यात. वर्षात वादळं किती होतात, ते प्वासाँवर, म्हणजे ठरावीक काळात एखादी गोष्ट किती वेळा घडते ते मांडणाऱ्या सूत्रावर. तिथे पाण्याचं तापमान घालायचं. झालेल्यांपैकी किनाऱ्याला किती लागतात, ते द्विपदीवर, म्हणजे इतक्यांपैकी किती 'हो' निघतात ते मांडणाऱ्या सूत्रावर. तिथे वरचे वारे. साधारण 26.5 अंशांपुढचं पाणी वादळाला पोसतं, पण ढकलत नेतात ते वारेच. तुम्ही निसर्ग वादळाची आठवण काढलीत: 3 जून 2020 ला आपण खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून बसलो आणि ते अलिबागच्या दक्षिणेला चढलं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आपल्या समोरून वर सरकलं आणि गुजरातला धडकलं. अरबी समुद्र दोन्ही वेळा तापलेलाच.

आणि हो, 1851 पासूनच्या नोंदी मी डोळे मिटून ओतल्या होत्या. उपग्रह नव्हते तेव्हा भर समुद्रात विरलेलं वादळ एखाद्या जहाजाला भेटलं तरच वहीत यायचं, हे तुम्ही सांगेपर्यंत डोक्यातच आलं नाही. वादळं वाढली असं जे मला दिसत होतं, त्यात मोजणी सुधारल्याचाही वाटा होता. ही चूक परीक्षकांनी पकडली असती तर माझी काही धडगत नव्हती.

पहिल्या चौकटीत तापमानाचा परिणाम ठळक दिसला. दुसऱ्या चौकटीत गंमत म्हणून तेच तापमान घालून पाहिलं, तर त्याचा परिणाम शून्याच्या आसपास घुटमळत राहिला. तसंच लिहिलं. तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले आणि उत्तरं देता आली.

ते बिल फाइलमध्ये लावलंय. तेवढं भरलेलं होतं ना, कळवा.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची